वाहाग्नचं शेजघर

१

आमच्या घराण्याकडे देवाची शेज घालायचं काम होतं. आश्तिशातच्या टेकडीवर तीन देवळं. पहिल्या दोन देवळांना मान होता, गर्दी होती, बळीच्या मांसाचा वाटा होता. तिसरं आमचं. वाहाग्न देव दिवसभर राक्षसांशी झुंजून दमला की संध्याकाळी अस्तघिक देवीकडे येतो, असं सगळे मानत. म्हणून देवळामागच्या दगडी खोलीत दोघांसाठी शेज. सूर्य मावळताना घालायची, उजाडलं की काढायची.

अडचण एवढीच, की सकाळी ती जशी घातली तशीच असायची. चादरीला सुरकुती नाही, उशीला खळगा नाही. लांबून आलेल्या भाविकांना हे दाखवायचं कसं? म्हणून आमच्या घरची सून उजाडता उजाडता आत जायची आणि शेज विस्कटून यायची. आधी माझी आजी, मग आई, मग माझी बायको सहानुश. यात कुणाला फसवतोय असं आम्हाला कधीच वाटलं नाही. माझे वडील ओताय म्हणायचे, "देवाने यायचं की नाही ते देव बघेल. आपलं काम अंथरुणापुरतं."

सहानुशचा हात या कामात फार साफ होता. भिंतीकडची बाजू देवाची, तिथे खड्डा खोल. दाराकडची देवीची, तिथे उथळ. उशीत कोपर असं दाबायची की तिथे खरंच कुणीतरी डोकं ठेवून घोरलंय असं वाटावं. भाविक दारातून वाकून बघायचे. दोन खड्ड्यांमध्ये अंतर दिसलं, की देव-देवीचं बिनसलंय म्हणून खालच्या गावात कुजबुज व्हायची. ते बिनसणं देवांचं नसून आमचं असायचं, हे मला एकट्यालाच ठाऊक.

आता सांगा, रोज सकाळी बायको देवाच्या उशीला कोपर मारताना जो बघतो, त्याच्या मनात देवाची भीती कितीशी उरणार? मी नमस्कार रीतसर करत होतो. बाकी काही नाही.

२

राजाने धर्म बदलला हे आम्हाला सैनिकांकडून कळलं. ते आले तेव्हा त्यांच्या हातात पहारी होत्या, त्यामुळे फार समजावून सांगावं लागलं नाही. मूर्ती फुटल्या, सोनं गाड्यांत गेलं. शेजघरातला पलंगही नेला. लोकरीची गादी मात्र सहानुशने, ते टेकडी चढत होते तेवढ्यात, घरी आणून वडिलांच्या खाली घातली होती. म्हाताऱ्याला उठवून गादी न्यायची लाज सैनिकांनाही वाटली. शेजघराच्या भिंती जाड होत्या आणि आत फोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती खोली तेवढी वाचली.

मग सगळ्या गावाला अरात्सानी नदीत उभं केलं. पाणी असं गार, की नव्या देवाचं नाव आठवायच्या आधी जुन्याचंच तोंडातून निघालं. बाहेर आलो तेव्हा माझं ताचात हे नाव जाऊन मी हाकोब झालो होतो. बायकांना बहुतेक सगळ्यांना मरियम हेच नाव मिळालं. नंतर किती दिवस गल्लीत 'मरियम' अशी हाक मारली की सगळीच दारं उघडायची. वडिलांचं नाव पेत्रोस ठेवलं. "पेत्रोस कोण?" असं ते अजून विचारतात.

मला वाटलं, आता पोटावर पाय आला. पण देवासमोर कसं उभं राहायचं, दिवे कधी लावायचे, लोकांना गप्प कसं बसवायचं हे गावात आम्हालाच येत होतं. मोडक्या देवळाच्या जागी चर्च उभं राहू लागलं आणि माझ्या गळ्यात क्रूस घालून मलाच तिथला पुजारी केलं. बळीचा मेंढा तोच. आता त्याला आधी आशीर्वाद दिलेलं मीठ चाटवायचं, एवढाच फरक.

मला शिकवायला सीरियाहून आब्दा नावाचा पाद्री आला आणि आमच्याच घरात राहू लागला. माणूस सरळ, पण आमची भाषा त्याच्या तोंडात गेली की लंगडत बाहेर यायची.

"तुमच्या देवाची शेज कुठे घालायची?" सहानुशने पहिल्याच दिवशी विचारलं.

"आमचा देव झोपत नाही," आब्दा म्हणाला.

"कधीच?"

"कधीच नाही झोपली."

सहानुश चुलीकडे वळली. रोट्या भाजताना मला हळूच म्हणाली, "अहो, बिचाऱ्याचं घरात कुणी करायला नसेल."

मला मात्र हा देव मनापासून आवडला. त्याच्यासाठी कुणाला काही विस्कटावं लागत नव्हतं. पहिल्यांदाच मी नमस्कार करताना डोळे मिटले.

३

शेजघराची आम्ही कोठी केली. तेलाचे रांजण, मेण आणि चर्चच्या गव्हाने भरलेली बकरीच्या केसांची पोती. पोती आडवी रचली की साधारण पूर्वीच्या पलंगाएवढाच ओटा व्हायचा.

बर्फ पडायला लागल्यावरची गोष्ट. सकाळी तेल काढायला गेलो, तर पोत्यांवर दोन खड्डे. शेजारी शेजारी. वरच्या टोकाला दोन लहान खळगे.

मी घरी आलो. "सहानुश, तू कोठीत गेली होतीस?"

"मी कशाला जाऊ?"

"सवयीने. कधीकधी हात आपोआप जातात."

"हो ना! तुमचे पाय कसे आपोआप दारूच्या रांजणाकडे जातात! मी नाही गेले."

मी वडिलांकडे बघितलं. ते गादीवर बसून दह्यात रोटी कुस्करत होते. त्यांचे गुडघे असे धरलेले, की ते पोत्यांवर चढले असते तर उतरवायला आम्हाला बोलवावं लागलं असतं.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

सहानुश येऊन बघून गेली. बराच वेळ पोत्यांकडे बघत होती. "उंदीर असेल तर मग माझ्या उंचीचा आहे," ती म्हणाली.

गहू खाली बसतो. पोतं एका बाजूने सैल असलं तर दाणे सरकतात. मी स्वतःला हे सगळं नीट समजावलं, पोती थापटून सपाट केली आणि दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी खड्डे तिथेच. कडी जशी लावली तशी. मग कडीऐवजी मी बाहेरून तुळई टेकवली. तुळई जागची हलली नाही, आणि आत खड्डे.

४

"एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का?" सहानुशने विचारलं. ती माझ्यासोबत कोठीत उभी होती आणि तिचा आवाज उगाचच खाली आला होता.

"कुठली?"

"खोल खड्डा दाराकडे आहे."

खरंच होतं. दाराकडचा खड्डा खोल, भिंतीकडचा उथळ. आमच्या घराण्यात आजीपासून, तिच्या आधीपासून, देव भिंतीकडे झोपत आला होता. गावातल्या कुणीही खोडी काढायची म्हणून हे केलं असतं, तर त्याने ते आमच्यासारखंच केलं असतं. दुसरी रीत कुणी बघितलीच नव्हती.

"म्हणजे एवढी वर्षं," सहानुश म्हणाली, "आपण चुकीच्या बाजूला..." तिला खरोखर वाईट वाटलं होतं. जन्मभर केलेल्या कामात कुणीतरी चूक काढावी, तसं.

"अगं, दाणे सरकतात."

"हात लावून बघा."

"कशाला?"

"लावा तर."

बाहेर रांजणातल्या पाण्याचा बर्फ झाला होता. आम्ही बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी खोल खड्ड्यात तळहात ठेवला. पोतं उबदार होतं. झोपलेलं माणूस आत्ताच उठून गेल्यावर अंथरूण लागतं, तेवढं.

मी हात काढून अंगरख्याला पुसला. का पुसला ते कळलं नाही. त्याला काही लागलं नव्हतं.

"गहू आंबला की गरम होतो," मी म्हणालो.

"हो," सहानुश म्हणाली. "आणि मग तो कूस बदलतो."

५

हे लपून राहणारं नव्हतं. आब्दा मेण घ्यायला गेला आणि खड्डे बघून तसाच घरी आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही शेज घातली! जुन्या देवाला!"

"आम्ही काही घातलं नाही, पाद्रीबुवा."

"मग कोण घातली?"

सैनिकांची छावणी अजून टेकडीच्या पायथ्याशी होती. लपूनछपून जुनी पूजा करताना सापडलेल्या एका पुजाऱ्याला त्यांनी कुटुंबासकट सीमेपलीकडे हाकलल्याचं आम्ही ऐकलं होतं. वडील त्या वाटेवर अर्ध्यातच संपले असते. आब्दाने खाली जाऊन एक शब्द सांगितला असता तरी पुरे होतं.

पण माणूस न्यायी. म्हणाला, "मी स्वतः बसणार. दुपारी. उजेडात. सैतान असला तर मी पळवणार. तुम्ही असला तर..." पुढचा शब्द त्याला आमच्या भाषेत सापडला नाही. आम्हाला तो न बोलताच समजला.

जेवण झाल्यावर तो क्रूस घेऊन आत गेला, दार लोटून घेतलं. मी आणि सहानुश बाहेर उन्हात दगडावर बसलो. आतून त्याची प्रार्थना ऐकू येत होती, त्याच्या भाषेतली, एका सुरातली. मग ती थांबत थांबत चालली. मग थांबली.

"झोपला," सहानुश म्हणाली.

"प्रार्थना मनात म्हणत असेल."

आतून घोरण्याचा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्या दिवसांत बहुधा तेवढंच एकदा हसलो असू. नीट ऐकल्यावर मात्र सहानुशचं हसू गेलं. आत घोरणारे दोघे होते. एक आब्दा, त्याचं घोरणं आम्ही रोज भिंतीपलीकडून ऐकायचो, त्याला शिट्टी होती. दुसरं खाली, जड, आणि फार सावकाश.

मी उठून दार ढकललं. आब्दा पोत्यांवर भिंतीकडच्या बाजूला अंग चोरून झोपला होता, बायका झोपतात तसा, बाजूच्याला जागा सोडून. बाजूला कुणी नव्हतं.

"पाद्रीबुवा!"

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "फार खरखरीत आहे हे. पूर्वी लोकर असायची."

एकही चूक नाही. आमच्या खोऱ्यातली खणखणीत बोली. 'खरखरीत'ला त्याने जो शब्द वापरला, तो माझ्या आजीनंतर मी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता.

मग त्याला शिंक आली. तो उठून बसला, दाढीतले गव्हाचे दाणे झटकले. "काही नाही! सैतान नाही. मी छान झोपली." एवढं बोलून तो खाली उतरला आणि आपण झोपलो होतो ती जागा त्याने बघितली. मग तिच्या बाजूची. त्याच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला.

६

तुम्ही जुनी पूजा करता, हे आब्दा पुन्हा बोलला नाही. तो एवढंच बोलला, "उद्या ही भिंती पाडणार. दगड चर्चला लावणार." आणि पाथरवटांना बोलवायला खालच्या गावात निघून गेला. त्याला चालताना बघून वाटलं, रात्रीही तो तिकडेच राहील.

मला बरं वाटलं. खोलीच नसेल तर खड्डे कुठे पडतील? मी तसं वडिलांना म्हणालो.

"ज्याचं घर पाडशील, तो दुसऱ्याच्या घरी राहायला जाईल," वडील म्हणाले.

"कोण जाईल, बाबा? कोणी नाहीच आहे. तुम्हीच तर म्हणायचा, आपलं काम अंथरुणापुरतं."

"मग तेच सांगतोय. आला नव्हता तेव्हा रोज घातलीस. आज आलाय, उद्या त्याचं घर जाणार, आणि आजच्या दिवशी त्याला पोत्यावर झोपवतोस?" ते भिंतीला धरून उठले आणि अंगाखालची गादी पायाने माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा. जाणाऱ्याला असं पाठवू नये."

मी हललो नाही. मला खरंच सुटायचं होतं. ज्याला झोप लागत नाही तो देव मला हवा होता, आणि तो हातचा जाईल अशी भीती वाटत होती. पण सहानुशने पदर खोचला होता. गादी गुंडाळून तिने एक टोक माझ्या हातात दिलं.

दुपार होती. वरच्या झरोक्यातून स्वच्छ उजेड येत होता. पोत्यांवर गादी घातली. सहानुशने चादर झटकून हवेत उडवली आणि चादर खाली बसल्यावर पायथ्याशी वाकून कडा खोचू लागली. घरी चादर बदलायला माझे वडील अंथरुणातून उठत नाहीत आणि ती त्यांच्याभोवतीच बदलते. त्या वेळी ती जे म्हणते, तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"पाय वर घ्या जरा."

चादरीचं टोक वर उचललं गेलं.

फार नाही. हात जाईल एवढंच. सहानुशने हात घातला, चादर खालून ओढून घेतली, नीट खोचली, आणि मग ती थांबली. टोक अजून वरच होतं. ते हळूहळू खाली आलं. दाराकडच्या बाजूला गादी दबली. मग भिंतीकडच्या बाजूला. लोकरीचा आवाज झाला, कुणी सुखाने कूस बदलावी तसा.

आम्ही पाठ न फिरवता बाहेर आलो. दार ओढून घेतलं. अंगण ओलांडून चुलीपाशी आलो. तिथे सहानुशने आपला उजवा हात उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला.

"अहो," ती म्हणाली, "टाचांना भेगा होत्या."

७

सकाळी पाथरवट आले, त्यांच्या मागे आब्दा. दार मी उघडलं. गादी गुंडाळून ठेवलेली होती, वर चादरीची चौकोनी घडी, आणि दोन उशा एकावर एक. शहाणा पाहुणा निघण्याआधी ठेवतो, तसं. ती घडी सहानुशला पुढे कित्येकदा घालून बघूनही जमली नाही.

भिंती दुपारपर्यंत पडल्या. आत काही निघालं नाही. दगड चर्चला लागले, चांगले बसले. आब्दाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या रात्री गाढ झोपलो.

थोड्याच दिवसांनी शेजारची नुआर्द आली. तिचं घर टेकडीच्या उतारावर, आमच्यापासून पहिलंच. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते. "एखादी जास्तीची गोधडी आहे का गं?"

"कुणी आलंय का?" सहानुशने विचारलं.

नुआर्द चुलीकडे बघत राहिली. "आलंय म्हणजे... आहे."

सहानुशने गोधडी दिली. आणखी चार दिवस गेले आणि नुआर्दच्या पलीकडच्या घरची मरियम आली, मग तिच्या पलीकडची. कुणी गोधडी मागायचं, कुणी थोडी लोकर. कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. रविवारी चर्चमध्ये मी 'आपला देव कधी झोपत नाही' यावर बोललो. सगळं गाव मान खाली घालून ऐकत होतं. मी मागाहून वडिलांना म्हणालो, "आज लोकांनी फार लक्ष देऊन ऐकलं."

"लक्ष कसलं," वडील म्हणाले. "अवघडून झोपलेत सगळे. जागा पुरत नाही."

आमच्याकडे मात्र काही नव्हतं. मी रोज सकाळी उठून प्रत्येकाच्या अंथरुणावरून हात फिरवायचो, सहानुश मला हसायची. मला वाटलं, आमच्यावर जे होतं ते फिटलं.

मग एका संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, आब्दा उठला नाही. बोटाने ताटातला रोटीचा तुकडा इकडून तिकडे ढकलत बसला. शेवटी म्हणाला, "ताई, मला एक उशी अजून पाहिजे."

"तुमची फाटली का?"

"नाही."

"मग?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या खोलीच्या दाराकडे. ते अर्धवट उघडं होतं आणि आत दिवा नव्हता. माणूस दुसऱ्यासाठी शब्द टाकतो तशा आवाजात तो बोलला.

"बाहेर अजून बर्फ आहे. कुठे जाणार?"

देव जाणार की देवी, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सहानुशने त्याला दोन उशा दिल्या.